तेवीस इंचांची रेघ

बर्फाच्या गोष्टी आमच्या घरात मे महिन्यात निघत. नवतपा लागलेला असे. नागपुरातल्या सीताबर्डीच्या मोदी नंबर दोनमधल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती रात्री अकरा वाजताही हात लावू देत नसत. गच्चीवर बादल्या-बादल्या पाणी मारायचं, ते वाफ होऊन उडून गेलं की सतरंज्या टाकायच्या, आणि सगळे आडवे झाले की कुणीतरी म्हणायचं, "आत्या, मोठ्या काकांचं पत्र सांग न." मग आत्या सुरू करायची, "बाप्पा, शिकागोत असा बर्फ पडून राहिला होता..."

आत्याच्या तोंडून ऐकलेलं ते पत्र मला पाठ आहे. मूळ पत्र, म्हणजे तो निळा एरोग्राम, पुढे एका पावसाळ्यात ट्रंकेतच कुजला. पण गोष्ट टिकली. इतकी टिकली की मोठेपणी मी त्या वादळाच्या नोंदी शोधून वाचल्या तेव्हा अनोळखी असं त्यात फार थोडं निघालं.

मोठे काका एलआयटीचे. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी ठेवलेल्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ही लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था. तिथून रसायनशास्त्र शिकलेली कितीतरी मुलं साठच्या दशकात परदेशी गेली. काका शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पुढचं शिकायला गेले आणि शहराच्या दक्षिण भागात एका पोलिश म्हातारीच्या घरी भाड्याच्या खोलीत राहू लागले. १९६७ चा जानेवारी हा त्यांचा तिथला पहिलाच पुरा हिवाळा. २४ तारखेला, मंगळवारी, शिकागोचं तापमान ६५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या १८ अंशांवर गेलं. जानेवारीत असं तिथे होत नाही. काकांनी लिहिलं होतं, हवा नागपूरच्या संक्रांतीसारखी झाली आहे, कोट काढून ठेवला. त्या म्हातारीने मात्र त्याच दिवशी दूध, पाव आणि बटाटे भरून ठेवले.

गुरुवारी पहाटे पाचच्या सुमाराला बर्फ सुरू झाला. तारीख २६ जानेवारी. शिकागोत पहाटेचे पाच म्हणजे नागपुरात दुपारचे साडेचार. कस्तुरचंद पार्कवरचं संचलन सकाळीच आटोपलं होतं, जेवणं होऊन घर सुस्तावलं होतं, आणि आजोबा काकांनाच पत्र लिहीत बसले होते, असं आत्या सांगायची. तिकडे हवामान खात्याचा अंदाज चारेक इंचांचा होता. काका नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेत गेले. संध्याकाळी भारतीय विद्यार्थ्यांनी मिळून प्रजासत्ताक दिन साजरा करायचा, पुऱ्या तळायच्या, असं ठरलं होतं. दुपारपर्यंत रस्ता आणि पदपथ यांतला फरक दिसेनासा झाला. एकामागे एक उभ्या असलेल्या बस, त्यांच्यामध्ये अडकलेल्या मोटारी, मोटारी तशाच सोडून चालत निघालेली माणसं. एरवी काही मिनिटांचा रस्ता काकांनी अंधार पडेपर्यंत कापला. दार उघडेना. म्हातारीने आतून आणि काकांनी बाहेरून जोर लावला, शेवटी तिने पहिल्या मजल्याची खिडकी उघडली आणि काका बर्फाच्या ढिगावर चढून खिडकीतून घरात गेले.

या ठिकाणी आम्ही पोरं दर वेळी उठून बसायचो. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून!

बर्फ एकोणतीस तास पडत होता. शुक्रवारी सकाळी दहाला थांबला तेव्हा मिडवे विमानतळावरची मोजणी २३ इंच भरली. शिकागोतल्या कुठल्याही एका वादळाचा तो आकडा आजवर कुणी ओलांडलेला नाही. १९९९ च्या जानेवारीतलं वादळ २१.६ इंचांवर थांबलं, २०११ चं २१.२ वर. काकांनी तिथल्या वर्तमानपत्रातून काढून हा २३ चा आकडा पत्रात लिहिला होता, आणि त्यावरूनच आमच्या घरात वादाला तोंड फुटलं.

आजोबा बर्डीवरच्याच एका शाळेत गणित शिकवत. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी शाळेची फूटपट्टी आणली, मधल्या चौकातल्या लाकडी खांबावर जमिनीपासून २३ इंच मोजले आणि कोळशाने रेघ ओढली. म्हणाले, एवढा बर्फ. रेघ मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर येत होती. आत्या तेव्हा कॉलेजात होती. तिने विचारलं, मग दादा खिडकीतून कसा आत गेला? आजोबांनी पत्र पुन्हा वाचलं. आकडा २३ च होता, आणि खिडकीही होतीच. "एकतर पेपरवाला चुकला, नाहीतर तुझा दादा," असं म्हणून त्यांनी फूटपट्टी पिशवीत ठेवली. पण रेघ पुसली नाही. दर दिवाळीला खांबाला रंग लागायचा आणि दर दिवाळीनंतर आत्या ती पुन्हा ओढायची. आम्ही लहानपणी त्या रेघेपाशी उभे राहून आपली उंची पाहिली आहे.

चूक कुणाचीच नव्हती. बर्फ मोजतात तो पडलेला, आणि माणूस अडकतो तो साचलेल्या बर्फात. मोजणाऱ्याची पद्धत साधी असते, पण कडक. पांढरा रंग दिलेली एक सपाट फळी, वारा लागणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवलेली. ठरावीक वेळी फळीवरची उंची मोजायची, फळी झाडून पुन्हा ठेवायची. बर्फ स्वतःच्या वजनाने दबत जातो, म्हणून दर तासाला मोजून झाडत राहिलं तर बेरीज फुगते, आणि दिवसातून एकदाच मोजलं तर आकडा कमी येतो. अमेरिकेत नियम असा की सहा तासांपेक्षा लवकर फळी झाडायची नाही. १९९७ च्या जानेवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यू या गावी २४ तासांत ७७ इंच बर्फाची नोंद झाली. देशाचाच विक्रम. पण चौकशीत निघालं की निरीक्षकाने दिवसात चारऐवजी सहा वेळा मोजलं होतं, आणि तो विक्रम नामंजूर झाला. मग मान राहिला जुन्या आकड्याला, कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकच्या १९२१ च्या एप्रिलमधल्या ७५.८ इंचांना. आणि तो आकडा तरी कसा आला? तिथे साडेसत्तावीस तासांत ८७ इंच पडले होते. त्यावरून त्रैराशिक मांडून २४ तासांचा हिस्सा काढला. आजोबा असते तर हे त्रैराशिक त्यांनी पाटीवर सोडवून घेतलं असतं आणि त्यांना ते मनापासून आवडलंही असतं.

फळी वाऱ्यापासून जपून ठेवतात, पण घर जपून ठेवता येत नाही. त्या रात्री शिकागोत वारा ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास झोत घेत होता. त्याने मोकळ्या मैदानातला बर्फ उचलला आणि भिंतींच्या, कुंपणांच्या, दारांच्या कुशीत नेऊन रचला. मैदान कुठे कुठे उघडं पडलं आणि म्हातारीचं दार बुजलं. दोन्ही ठिकाणी पडलेला बर्फ सारखाच, २३ इंच. वाऱ्याचं हे काम कुठल्याच बेरजेत येत नाही. ते फक्त त्या दारातून ज्याला आत जायचं होतं त्याच्या सांगण्यात येतं.

याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे बफेलो, १९७७. काकांचे एक वर्गमित्र, तेही एलआयटीचेच, तिथे नोकरीला होते आणि भारतात आले की बर्डीला आमच्याकडे उतरत. त्यांची गोष्ट काकांच्या गोष्टीहून भयंकर होती. ईरी सरोवर त्या हिवाळ्यात डिसेंबरच्या मध्यालाच गोठलं. गोठलेल्या पाण्यावर महिनाभर भुसभुशीत बर्फ साठत राहिला. २८ जानेवारीला ताशी ११० किलोमीटरचे झोत सुटले आणि मैलोगणती सरोवरावरचा तो सगळा बर्फ शहरावर येऊन पडला. आकाशातून पडलेला नवा बर्फ म्हणाल तर जेमतेम १२ इंच. विक्रमांच्या यादीत या वादळाला जागा मिळू नये इतका कमी. पण ढिगारे तीस तीस फूट चढले, २९ माणसं गेली, त्यांतली काही आपापल्या मोटारींतच. प्राणिसंग्रहालयात कुंपणाला लागून बर्फ एवढा साचला की तीन रेनडिअर त्यावरून चालत बाहेर पडले. वर्गमित्र काका सांगत, आठवड्याने मोटार शोधायला गेलो तेव्हा लोखंडी सळई बर्फात खुपसत खुपसत चाललो. टण्ण वाजलं तिथे खणलं, तर निघाली शेजाऱ्याची.

आम्ही गच्चीवरचे श्रोते त्यातल्या रेनडिअरवर खूश होतो. मेलेल्या माणसांचा भाग ते मोठ्यांपाशी, खालच्या आवाजात सांगत.

शिकागोच्या त्या बर्फाचं पुढे काय झालं, हाही आमचा लाडका भाग. टाकायला जागा उरली नाही म्हणून शहराने काही बर्फ रिकाम्या मालगाड्यांत भरून दक्षिणेला, फ्लोरिडा-टेक्ससकडे, रवाना केला. हे ऐकून माझ्या धाकट्या भावाने विचारलं होतं की एक डबा नागपूरला का नाही लावला. सगळ्यांनी त्याला गप्प केलं, पण पोरगा अगदीच काही वेडं बोलला नव्हता. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला बर्फ कापून, भुशात बांधून, 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्याला पोचवला होता. चार महिने समुद्र ओलांडून निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत उतरला, आणि पुढे कित्येक वर्षं मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बर्फघरांत अमेरिकन तळ्यांचा बर्फ विकला जात होता.

काकूची गोष्ट वेगळी, आणि मला वाटतं घरात सगळ्यांत कमी सांगितली गेलेली. ती १९७९ ची. लग्न होऊन ती शिकागोला गेली तेव्हा तिथे महाराष्ट्र मंडळ होतं, १९६९ मध्ये सुरू झालेलं. हळदीकुंकू होतं, गणपती होता. जानेवारीच्या १३ आणि १४ तारखांना, म्हणजे ऐन संक्रांतीला, वीस इंचांच्या घरात बर्फ पडला, तोही आधीच्या न उचललेल्या बर्फावर. त्या अख्ख्या हिवाळ्याची बेरीज ८९.७ इंच झाली; शिकागोत एवढी दुसऱ्या कुठल्याच हिवाळ्यात झालेली नाही. पण काकू इंच कधी सांगत नसे. ती सांगायची गाडीचं. रस्ते बंद, म्हणून सगळा भार उंचावरून धावणाऱ्या लोकल गाड्यांवर आला. गाड्या पुरेनात तेव्हा नगर प्रशासनाने दक्षिण आणि पश्चिम भागातली काही स्टेशनं गाळली. ही वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची होती. उपनगरांतून भरून आलेल्या गाड्या त्यांच्यासमोरून न थांबता जात. काकू त्या थंडीत फलाटावर उभी होती, पोटात पाच महिन्यांचं मूल घेऊन, आणि शेजारची एक बाई तिच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकून म्हणाली की ही आपल्यासाठी थांबणार नाही, चल, चालत जाऊ. त्या बाईचं नाव काकू दर वेळी घ्यायची. २७ फेब्रुवारीला पक्षांतर्गत निवडणूक झाली. बर्फ न उचलणारे महापौर मायकल बिलँडिक हरले, जेन बर्न जिंकल्या, आणि शिकागोला पहिली महिला महापौर मिळाली. बर्फाने पाडलेला महापौर म्हणून तिकडे ही कथा अजून सांगतात. काकूच्या सांगण्यात ती न थांबलेल्या गाडीने पाडलेल्या महापौराची होती, आणि मला तिचं पटतं.

ही सगळी वर्णनं चालू असताना आजी बंगईवर बसलेली असायची, वाळ्याचा पंखा हलवत. ती काटोलची. तिच्या माहेरी संत्र्याचा बगीचा होता. रघूजीराजे भोसल्यांच्या काळात औरंगाबादेहून आलेलं संत्र्याचं झाड काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीच्या काळ्या जमिनीत असं रुजलं की त्या पट्ट्याचं सगळं सुखदुःख त्याच्या बहारावर चालतं. शिकागोचा बर्फ सांगून संपला की आजी म्हणायची, "इंच कायले मोजता? झाडाले काय झालं थे सांगा."

आणि मग तिची गारपीट. साल ती सांगायची नाही. धाकट्या भावाच्या मुंजीच्या आदल्या वर्षी, एवढंच. होळी तोंडावर आलेली. मृग बहाराची फळं झाडावर पिवळी झालेली, व्यापारी बगीचा बघून गेलेला, आणि त्याच झाडांना आंबिया बहाराची फुलं गळून हरभऱ्याएवढी फळं धरलेली. म्हणजे या वर्षाचं आणि पुढच्या वर्षाचं, दोन्ही पिकं एकाच झाडावर. दुपारी वायव्येकडून काळं आलं. आधी वारा, मग कवेलूंवर खडखडाट. बैल गोठ्यात दावी तोडू लागले. तिचे वडील डोक्यावर टोपलं धरून बगीच्याकडे धावले, आणि टोपलं फुटून, कपाळाला खोक पडून परत आले. पाव तास. उघडल्यावर धुऱ्याच्या कडेला गारा वीतभर साचलेल्या, खाली पडलेल्या संत्र्यांत मिसळलेल्या. "गावभर संत्र्याचा वास सुटला होता," आजी म्हणायची, "आन घरात कोणी बोले नाही."

गारांचा हा काळ विदर्भात ठरलेला आहे, फेब्रुवारी ते एप्रिल. वायव्येकडचं कोरडं वारं आणि बंगालच्या उपसागरावरून आलेलं दमट वारं यांची गाठ मध्य भारतावर पडते, ढग उंच चढतात. नागपूरवर मार्चमध्ये चार-साडेचार किलोमीटर वर गेलं की गोठणबिंदू लागतो. म्हणजे आपल्या वळवाच्या पावसाचा बहुतेक थेंब वर हिमकणच असतो, खाली येताना वितळतो. वर चढणारा झोत जोरकस असला की तो कण खाली येऊच शकत नाही. अतिथंड पाण्याचे थर अंगावर घेत वाढतो, आणि झोताला पेलेनासा झाला की कोसळतो. फोडलेल्या गारेत हे थर दिसतात. आजी सांगायची, तिने मोजले होते.

गारपिटीलाही विक्रम आहेत, पण ते इंचांच्या बेरजेचे नाहीत. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादेजवळ गारांनी २४६ माणसं मारली. गारपिटीने घेतलेल्या बळींची जगातली ही सर्वांत मोठी नोंद म्हणून जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये मान्य केली. त्या वेळच्या वर्णनांत गारांचं माप हंसाचं अंडं, क्रिकेटचा चेंडू आणि संत्रं असं दिलेलं आहे.   आणि १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातल्या गोपालगंजला पडलेली एक किलोहून थोडी जड गार ही जगातली सगळ्यांत वजनदार. बर्फाच्या बळींचा आकडा याहून मोठा: १९७२ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये हिमवादळाने सुमारे ४,००० माणसं गाडली. हिमवादळांच्या इतिहासात याहून जास्त बळींची नोंद नाही. काही गावांत एकही माणूस उरला नाही. तिथल्या बर्फाची उंची पुस्तकात सापडते, सव्वीस फूट, पण खिडकीतून आत कोण गेलं हे सांगायला कुणी नाही. मला तो आकडा वाचवत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर दोन-तीन आठवडे गारांचे तडाखे बसत राहिले. ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं, आणि आमच्याकडे संत्री. मी मामेभावाबरोबर काटोलच्या बगीच्यात गेलो तेव्हा तलाठी पंचनामा करत होते. गारा केव्हाच वितळल्या होत्या. झाडांच्या पश्चिमेकडच्या फांद्यांची साल निघालेली, जणू कुणी विळ्याने टोचलं आहे. मामेभाऊ जखमांवर बोट फिरवून दाखवत होता: यातूनच डिंक्या रोग शिरतो, बोर्डो मिश्रण आजच मारावं लागेल, तरी पुढची दोन वर्षं झाड रुसलेलंच राहणार. पंचनाम्यात तलाठी टक्केवारी लिहीत होते. तेव्हा मदत मिळायला पन्नास टक्के नुकसान दाखवावं लागे; २०१५ मध्ये ती अट ३३ टक्क्यांवर आणली. काटोलच्या गारेची अधिकृत नोंद म्हणजे ही टक्केवारी. फळी झाडून मोजणाऱ्या निरीक्षकाची जागा इथे बांधावर उभं राहून गळालेली फळं अंदाजणाऱ्या माणसाला मिळते. तोही आपल्या परीने काटेकोर असतो. पण पुढच्या दोन वर्षांच्या रुसलेल्या झाडाला त्याच्या तक्त्यात रकाना नाही. त्या अर्थाने आजीचा प्रश्न कुणीच नीट टिपून घेतलेला नाही, आणि हे माझ्या मनातून जात नाही.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. नागपूरच्या नोंदींतला हा सर्वांत थंड दिवस. आधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा, ३.९. बर्डीवर त्या आठवड्यात स्वेटरांच्या गाड्यांवर उभं राहायला जागा नव्हती. महिन्याभराने, ३० जानेवारीला, शिकागोत उणे ३० अंशांखाली पारा गेला आणि काकूच्या मुलाचा आत्याला फोन आला. काका, काकू आता नाहीत. पोटात असताना ज्याच्यासह काकू त्या फलाटावर उभी होती, तोच हा मुलगा. त्याने तिकडचं सांगितलं, आत्याने इकडचं. साडेतीन म्हणजे नागपूरचा विक्रम आहे हे तिने अभिमानाने सांगितलं आणि लगेच थांबून म्हणाली, "पण आई सांगायची थे थंडी याहून जास्त होती. काटोलले. एका रात्रीत तूर करपली अन् डोणीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता."

फोन झाल्यावर मी तिला १९३७ चा आकडा दाखवला. ३.९ म्हणजे तेव्हाची थंडी कमीच होती न, आत्या? तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"हे नागपूरचं आहे," ती म्हणाली. "काटोलले तेव्हा मोजायले होतं कोण?"